सुटणारा गाभा

४ मार्च, सोमवार

उद्या पहिली चाचणी. मन शांत करण्याचा मला एकच उपाय ठाऊक आहे: एखादी गोष्ट अगदी मुळापासून कोणाला तरी समजावून सांगणे. पत्नीने "मला पाठ झालंय ते" असे म्हणून शिवणयंत्र सुरू केले आहे. तेव्हा आज ते भाग्य या डायरीचे.

नाणे छापले जाण्यापूर्वी ते काय असते? एक कोरी चकती. तिच्यावर चित्र नसते, आकडा नसतो, म्हणून तिला किंमतही नसते. आमचे नवे नाणे मात्र दोन धातूंचे आहे. बाहेर पिवळसर ब्राँझची कडी, आत तांबे-निकेलचा पांढरा गाभा. आता खरी गंमत अशी की या दोघांना जोडायला डिंक नाही, झाळकाम नाही, खिळा नाही. गाभ्याच्या काठाभोवती केसाएवढी बारीक खाच फिरवलेली असते. कडीत गाभा बसवायचा, दोन्ही प्रेसमध्ये ठेवायचे आणि वरून खालून साचे आदळायचे. त्या दाबाखाली कडीचा धातू लोण्यासारखा आत सरकतो, खाचेत शिरतो आणि तिथेच घट्ट बसतो. एकाच ठोक्यात चित्रही उमटते आणि जोडही लागतो! इतकी वर्षे झाली, तरी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

चकत्यांचे खाते माझ्याकडे आहे. पट्टीतून चकत्या कापणे, भट्टीत तापवून मऊ करणे, पोलादी गोळ्यांच्या फिरत्या ड्रममध्ये घासून चमकवणे, हे सारे आमच्या दालनात होते. भिंतीपलीकडे प्रेसचे दालन. ते माझा धाकटा मेहुणा, म्हणजे पत्नीचा भाऊ, सांभाळतो. अर्धे नाणे आमचे, अर्धे त्यांचे, आणि भांडण मधल्या दारात.

चाचणी उतरली, तर नव्या नाण्याच्या चकत्या आमच्याच दालनात बनतील. नाही उतरली, तर त्या बाहेरच्या कारखान्यातून तयार येतील आणि आमच्या दालनाचे गोदाम होईल. माणसे कुठे जातील, हे कोणी बोललेले नाही.

म्हणूनच मी काहीही नशिबावर सोडलेले नाही. चाचणीच्या चकत्या मी स्वतः वेचल्या आणि त्यांना ड्रममध्ये आणखी एक फेरी दिली. आमच्या उस्तादांचा हा दंडकच होता: ज्या चकतीत आपले तोंड दिसत नाही, ती वरिष्ठांपुढे ठेवायची नाही. ड्रम चालवणाऱ्या बाईंना सगळे चकाकी मावशी म्हणतात. त्या कुरकुरल्या, "मास्तर, पुन्हा ड्रम लावायचा? माझी घरी जायची वेळ झाली." (मला इथे सगळे मास्तर म्हणतात. का, ते मला कधी कळले नाही.)

चकत्या अशा झाल्या आहेत की पाहत राहावे.

५ मार्च, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

टांकसाळीच्या संचालिकांनी पहिले नाणे उचलले, उजेडात धरले, "चमक सुंदर आहे" म्हणाल्या. माझी छाती फुगली. मग त्यांनी सहज ते टेबलावर आपटले. गाभा बाहेर पडला, टेबलभर घरंगळला आणि थेट माझ्या बुटाशी येऊन थांबला.

संचालिकांनी रिकामी कडी बोटावर धरली. "अंगठी छान आहे. खडा पडलाय."

प्रेसवाले हसले. मेहुणा तेवढा हसला नाही. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढच्या नाण्याचेही तेच, त्याच्या पुढच्याचेही तेच.

शेवटी संचालिका म्हणाल्या, "दोन्ही खाती ऐका. चुका होतात. ज्याची चूक त्याने शोधली, त्याने दुरुस्त केली, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण एखाद्या खात्याला स्वतःची चूक दिसत नसेल, शेजारच्याने येऊन दाखवावी लागत असेल, तर ते खातं ठेवायचं कशाला, असं मी विचारणार. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघू."

अत्यंत न्याय्य बोलणे. चूक अर्थातच प्रेसची आहे. त्यांचा दाब कमी पडतो आहे.

६ मार्च, बुधवार

मेहुणा संध्याकाळी घरी आला आणि थेट जेवायला बसला. दोन घास गेले नाहीत तोच म्हणाला, "भाऊजी, मी काय म्हणतो, त्या चकत्या एकदा..."

"माझ्या चकत्यांना नावं ठेवायची नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं! तुझा दाब वाढव."

"वाढवून बघितला. आणखी वाढवला तर साचा तडकेल."

"मग साचा बदल."

"भाऊजी, एकदा शांतपणे ऐकून तरी..."

"तुझ्या खात्याने आमच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. संचालिकाबाईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना? की तुला आमचं गोदामच करायचंय?"

त्याने ताटाकडे पाहिले, मग बहिणीकडे.

"टांकसाळ बाहेर ठेवा," ही म्हणाली. "तिथे, चपलांजवळ. जाताना ज्याची त्याने घालून जा."

मी जरा जास्त बोललो असेन. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

९ मार्च, शनिवार

गेले तीन दिवस पद्धतशीर तपास केला. असा तपास म्हणजे मला मेजवानी. चिंता नसती तर मी गाणे म्हटले असते.

भट्टीचे तापमान: बरोबर. धातूंचे मिश्रण: बरोबर. कडीच्या भोकाचे माप: बरोबर. खाचेची खोली आणि रुंदी: इतकी बरोबर की डोळ्यांत पाणी यावे. ही सगळी मापे आम्ही चकत्या ड्रममध्ये जाण्याआधी घेतो, कारण ड्रममधून निघालेल्या चकतीला उघडा हात लावायचा नाही, असा आमच्या दालनाचा नियम आहे. बोटाच्या घामाने डाग पडतो. हा नियम मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे, आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही.

सारांश, आमच्या बाजूला दोष नाही.

ही आज दुपारी भावाकडे जाऊन आली. माहेरच्या गप्पा असाव्यात, बराच वेळ लागला. आल्यावर तिच्या शिवणाच्या दुकानातला एक शर्ट माझ्यापुढे धरला.

"हे टिचबटण बघा. लागतच नाही. लावलं की सुटतं."

"नवीन लाव."

"तुटलेलं काहीच नाहीये, बघा ना. दोन्ही भाग धड आहेत. गिऱ्हाइकाने नुसतं धुऊन धुऊन, घासून घासून ही गत केलीये. कडाच बोथट झाल्या, तर ते धरणार कशाने?"

एरवी हिला यंत्रशास्त्रात रस नसतो. मला फार आनंद झाला. मी तिला सविस्तर समजावले की टिचबटणात स्प्रिंगचे तत्त्व असते, तर आमच्या नाण्यात धातूच्या प्रवाहाचे. वरवर सारखे दिसले तरी दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिने दातांत दोरा धरून सगळे ऐकून घेतले आणि "हो का," म्हणाली. मग तो शर्ट माझ्याच खुर्चीवर ठेवून आत गेली. इतकी नीटनेटकी बाई, पण हल्ली वेंधळी होत चालली आहे.

१२ मार्च, मंगळवार

दुसरी चाचणी. या वेळी मी ड्रमच्या तीन फेऱ्या दिल्या होत्या. निदान दिसण्यात तरी कोणी बोट ठेवायला नको, हा हेतू.

आगीतून फुफाट्यात. मागच्या वेळी गाभा आपटल्यावर पडत होता. आज संचालिकांनी तो अंगठ्याने ढकलून काढला. प्रेस तीच, साचे नवे, दाब वाढवलेला. म्हणजे मेहुण्याने माझे म्हणणे ऐकले होते, आणि तरीही असे व्हावे! ही गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही.

संचालिका मेहुण्याकडे वळल्या. "तुमच्या खात्याला काही सांगायचंय?"

तो आपल्या बुटांकडे पाहत राहिला. "नाही, मॅडम. अजून तरी नाही."

चोराच्या मनात चांदणे!

"मग पुढच्या आठवड्यात गुरुवारी शेवटची चाचणी," संचालिका म्हणाल्या. "त्यानंतर बाहेरच्या चकत्या मागवायच्या. मास्तर, मला वाईट वाटेल, पण मागवायच्या."

१३ मार्च, बुधवार

चकाकी मावशींनी विचारले, "गोदाम झालं तर ड्रम राहील का हो?"

मी सांगू लागलो की ड्रमचा पाया काँक्रीटमध्ये आहे, तो उखडण्याचा खर्च गोदामाच्या दृष्टीने परवडणार नाही. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"मास्तर, मी ड्रमचं नाही विचारत."

मी ड्रमचे झाकण उघडून उगाच आत पाहिले. त्या मान हलवून पुन्हा कामाला लागल्या.

डायरीत खोटे लिहिण्यात अर्थ नाही. आज पहिल्यांदा वाटले की दोष आमचा असू शकेल. माझा असू शकेल. पण मापे बरोबर आहेत. मापे खोटे बोलत नाहीत. मग कोण बोलते आहे?

१६ मार्च, शनिवार

आजचे सगळे क्रमाने लिहितो.

सकाळी मेहुणा मधल्या दारात उभा. सहा तारखेनंतर आम्ही कामाव्यतिरिक्त बोललो नव्हतो.

"भाऊजी, आमचं चुरायचं मशीन विचित्र आवाज करतंय. जरा कान लावता? तुम्हाला यंत्राचं कळतं."

हे मात्र खरे आहे. मी लगेच गेलो.

चुरायचे मशीन म्हणजे काय, तेही सांगतो. टांकसाळीत वाया गेलेले नाणे तसेच फेकता येत नाही. ते कोणाच्या खिशातून बाजारात गेले तर? म्हणून ते दोन दातेरी लाटण्यांमधून काढतात. दुसऱ्या बाजूने नाणे लाटालाटांचे होऊन पडते, पत्र्याच्या छपरासारखे. मग ते वितळायला जाते. हे अतिशय समाधान देणारे यंत्र आहे.

मी बराच वेळ कान लावला. आवाज उत्तम होता.

"काही बिघाड नाही रे."

"नाही? मग मला भास झाला असेल. बरं, चुऱ्याची पेटी भरलीये, ती तेवढी नजरेखालून घाला. मी चहा सांगून येतो."

तो गेला तो गेलाच. चहा सांगायला इतका वेळ लागतो का कुठे? करायला काही नव्हते, म्हणून मी पेटीत पाहिले. आत आमचीच नवी नाणी होती, चुरलेली. एक उचलले. कडी वेडीवाकडी, चित्राचा चेंदामेंदा झालेला, आणि मधोमध गाभा. कडीबरोबर तोही लाटेसारखा वाकला होता, पण जागेवर होता.

मी ते आपटले. गाभा हलला नाही. हातोडी घेतली, तरी हलला नाही. दुसरे घेतले, तिसरे घेतले. शेवटी सगळी पेटी जमिनीवर ओतली आणि तिथेच फतकल मारून बसलो. दातेरी लाटण्यांतून निघालेली नाणी, आणि एकाचाही गाभा सुटलेला नाही!

मेहुणा परत आला, तोही चहा न घेता.

"ही कुठली नाणी?" मी ओरडलो.

"ही? प्रेस जुळवून घ्यायला लागतात ना, ती. तुमची चाचणीची पेटी उघडण्याआधी आम्ही चार ठोके मारून बघतो. लगेच चुरून टाकतो."

"चकत्या कुठल्या?"

"तुमच्याच. साध्या पेटीतल्या. तुम्ही निवडून बाजूला ठेवता, त्यातल्या नव्हे."

"आणि यांचे गाभे सुटत नाहीत, हे तुझ्या लक्षात नाही आलं?"

"भंगाराकडे कोण बघतं, भाऊजी?" असे म्हणून तो खिडकीबाहेर पाहू लागला.

काय हा निष्काळजीपणा! पण रागवायला सवड नव्हती. तोच धातू, तीच भट्टी, तीच प्रेस, तोच दाब. साध्या चकत्या धरतात, निवडलेल्या सोडतात. दोन्हींत फरक एकच: निवडलेल्यांना मी जास्त घासले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

१८ मार्च, सोमवार

आज मी माझा स्वतःचा नियम मोडला. ड्रममधून निघालेली चकती उघड्या हाताने उचलली आणि भिंगाखाली धरली.

कारण इतके सुंदर आहे की दुःख करायचे विसरलो. ड्रममध्ये पोलादी गोळ्या चकतीवर सतत आदळतात. म्हणूनच ती चमकते. एका फेरीने काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत खाचेचे ओठ ठोकले जाऊन मिटू लागतात आणि तिसरीत ती जवळजवळ बुजते. शिवाय थंड धातू ठोकला की कठीण होतो. म्हणजे कडीची आतली कड लोण्यासारखी वाहायची, ती हट्टी होऊन बसते. एका बाजूला वाहायला तयार नसलेला धातू, दुसऱ्या बाजूला शिरायला जागा नाही. जोड लागणार कसा? एका धातूच्या नाण्याला ना खाच ना जोड, म्हणून उस्तादांच्या दंडकाने कधी नुकसान झाले नाही. आणि आम्ही मापे घेत होतो ती ड्रमच्या आधी. नंतर चकतीला हात लावायचा नाही, हे भिंतीवर लिहिलेले! माझ्याच अक्षरात!

तो कागद उतरवला. जागा फार पांढरी दिसते आहे.

"मग आता घासू की नको?" चकाकी मावशींनी विचारले.

"एकदाच. आणि बाहेर आल्यावर खाच पुन्हा मोजायची."

"एकदाच? देव पावला. म्हणजे मला वेळेवर घरी जाता येईल."

२१ मार्च, गुरुवार

उतरली! चाचणी उतरली!

पण क्रमाने. नाणी ठोकण्याआधी मी उभा राहिलो आणि संचालिकांना म्हणालो, "मॅडम, दोष आमच्या खात्याचा होता, आणि मुख्यतः माझा. मी कारण समजावून सांगतो."

"थोडक्यात सांगा."

मी थोडक्यात सांगितले. फळा लागला, पण एकच. संचालिका शेवटी म्हणाल्या, "म्हणजे लाड फार झाले."

"एका अर्थी, हो."

चकत्या पेटीतून सरसकट घेतल्या. मी एकही निवडली नाही. त्या जरा मंद दिसत होत्या, ते पाहवेना. नाणी ठोकली. मग एक नाणे गाभा ढकलणाऱ्या यंत्रात लावले. काटा चढू लागला. ठरवलेल्या आकड्यापर्यंत गेला, ओलांडून पुढे गेला. कडी वाकली, पण गाभा जागचा हलला नाही. संचालिकांनी दुसरे नाणे घेऊन टेबलाच्या कडेवर एवढ्या जोराने हाणले की टेबलाचा टवका उडाला. नाणे शाबूत.

"कोणी शोधलं हे?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणालो. खरे ते सांगायला संकोच कसला?

त्या मेहुण्याकडे वळल्या. जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. "तुम्हाला त्या दिवशी काहीतरी सांगायचं होतं ना? अजून तरी नाही, म्हणाला होतात."

"आता राहिलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

"बरं," संचालिका म्हणाल्या, आणि का कोण जाणे, हसल्या. "चकत्या इथेच बनतील. कामाला लागा."

जीव भांड्यात पडला. मधल्या दारातून परत जाताना पाय जमिनीवर नव्हते. मी दालनात शिरलो तेव्हा कोणीतरी ड्रम बंद केला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी भाषणाची तयारी केली होती: प्रास्ताविक, कारणमीमांसा, आभार. तोंडातून निघाले एवढेच, "राहिलो."

चकाकी मावशी उपड्या पेटीवर बसल्या आणि पदराने चेहरा पुसू लागल्या. "आता भाषण करा, मास्तर," त्या म्हणाल्या, "आज कितीही लांब चालेल."

२४ मार्च, रविवार

मेहुणा दुपारी जेवायला आला. हिने मोठा घाट घातला होता. मी भिंग, खाच, कडी असे सगळे पुन्हा समजावले. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकले, मधूनमधून "अरे वा" म्हणाला, आणि प्रश्नही असे नेमके विचारले की जणू उत्तर त्याला आधीच ठाऊक असावे. बहीणभाऊ एकमेकांकडे पाहून सारखे हसत होते. ही त्यांची लहानपणापासूनची खोड.

मला मात्र त्याच्याबद्दल थोडे वाईट वाटत होते. विचार करा: उत्तर इतके दिवस त्याच्याच दालनात, त्याच्याच पेटीत, त्याच्या नाकाखाली पडून होते, आणि त्याला ते दिसले नाही! मनाला लागले असणारच. शिवाय सहा तारखेला मी त्याला नाही नाही ते बोललो होतो. म्हणून मी ठरवले की याबद्दल चारचौघांत कधी अवाक्षर काढायचे नाही. अहवालातही मी "दोन्ही खात्यांच्या संयुक्त निरीक्षणातून" असेच लिहिले आहे.

जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला घेतले. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. असं होतं. समोरची गोष्ट माणसाला दिसत नाही."

"होतं खरं, भाऊजी," तो म्हणाला आणि त्याला जोराचा खोकला आला. ही घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा मोठा आवाज झाला.

"आणि त्या दिवशी मी बोललो ते विसर."

"कधीच विसरलो." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, खोकल्याचे असेल. "तुमचं दालन राहिलं, भाऊजी. मला दुसरं काही नको होतं."

किती साधा माणूस! मी त्याच्या पाठीवर थोपटले. एखाद्याची चूक आपल्याला कळली आहे, आणि ते आपण त्याला जाणवू द्यायचे नाही, यापेक्षा नाजूक कारागिरी दुसरी नसेल. ती मला बऱ्यापैकी जमली, असे वाटते.